एका वाटाण्याची डॉक्युमेंटरी

आमचं गाव घोडेगाव. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, कांद्याच्या बाजाराचं. मागच्या दिवाळीत एक संस्था पाणलोटाच्या कामावर डॉक्युमेंटरी काढायला आमच्याकडे आली होती. दोन दिवसांत शूटिंग आटोपलं. भरलेला बंधारा दाखवला, माणसांना कॅमेऱ्याकडे बघून हसायला सांगितलं आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. फिल्म दिसायला छान झाली. पण बंधाऱ्याच्या आधीचं गाव त्यात नव्हतंच! मग बदल झाला हे बघणाऱ्याला कळणार कसं?

तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. तुम्ही म्हणाल, त्यांचा इथे काय संबंध? त्यांनी तर राजा हरिश्चंद्र काढला. खरं आहे. पण त्याच्याही आधी त्यांनी एक छोटीशी फिल्म काढली होती. तिच्यात राजा नाही, राणी नाही, फक्त वाटाण्याचा एक दाणा!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग... हाताला लागेल ते शिकायचं हा त्यांचा स्वभाव. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या ब्रँचचे विषय एकट्याने घेतलेले! गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली, तीही सोडली. लोणावळ्याला छापखान्याचा धंदा केला, जर्मनीला जाऊन रंगीत छपाई शिकून आले, पण भागीदारांशी पटलं नाही आणि तोही धंदा सुटला. वय चाळिशीला आलेलं, हातात काही नाही.

अशा दिवसांत त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता आणि दादासाहेबांना राम आणि कृष्ण दिसायला लागले. मग एकच वेड. रोज सिनेमा बघायचा आणि घरी येऊन प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परतले.

आता कॅमेरा आहे, पण पैसा कुठे आहे? हिंदी माणूस सिनेमा काढेल यावर कुणाचा विश्वास बसेना. बोलून पटणार नाही, दाखवूनच पटेल हे त्यांनी ओळखलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि थोड्या थोड्या वेळाने फ्रेम घेत महिनाभर थांबले. फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’.

दिवसाला एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. जरा हिशोब करा. महिन्याच्या तीस फ्रेम. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण सोळा. म्हणजे दोन सेकंदात वाटाणा उगवून संपला! फिल्म मिनिटभर चालायची तर ९६० फ्रेम हव्यात, म्हणजे रोज बत्तीस. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये आणि माणूसही जागचा हलता कामा नये. आपण लॅबमध्ये तीन रीडिंग घेतो आणि उरलेली सात ‘अडजस्ट’ करतो. इथे अडजस्टमेंटला जागाच नव्हती. रोप जेवढं वाढलं तेवढंच दिसणार.

दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते. जे रोज डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही ते लोकांनी पडद्यावर पाहिलं आणि कर्ज द्यायला माणसं तयार झाली. आज एखादी संस्था देणगीदारांना आपल्या कामाची फिल्म दाखवते, ती याहून वेगळं काय करते? माझ्या मते आपल्याकडची विकासाची पहिली डॉक्युमेंटरी हीच!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, ती धुतली, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. नंतर दादासाहेब नाशिकला गेले. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली, म्हणजे आपलं गुपित स्वतःच उघडं केलं. १९३७ चा गंगावतरण हा शेवटचा चित्रपट. तोपर्यंत बोलपट आले होते, जमाना बदलला होता. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

आपला जिल्हा दुष्काळी. राळेगणसिद्धी काय किंवा हिवरेबाजार काय, एका पावसाळ्यात घडलेली गावं नव्हेत. त्याला वर्षं लागली. काम वाटाण्यासारखं हळू वाढतं आणि आपण कॅमेरा घेऊन येतो शेंगा लागल्यावर! आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. यंदाच्या एन.एस.एस. कॅम्पला जाताना पहिल्या दिवशी, खड्डा खणायच्या आधी, कोरड्या ओढ्याचा एक फोटो घ्या. जागा लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून दुसरा घ्या. पाणी आलं नसेल तरीही घ्या. दादासाहेबांच्या कुंडीत दाणा फुटलाच नसता, तर त्यांचा कॅमेरा तेही खरं सांगणार होता.