भातखंडे, कोमल गंधार आणि माझी कॉर्ड

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. परीक्षेतला निबंध सोडला तर मराठीत मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. पण गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे १९३६ सालीच वारलेल्या एका माणसाशी माझी ओळख झाली आणि त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवेना.

झालं असं, की आमच्या लॅबमधले काका भीमपलासी गाणार आणि मी कीबोर्डवर साथ करणार असं ठरलं. काकांनी एका जुन्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स दिली. सगळं सा रे ग म मध्ये. म्हटलं, सोप्पंय! सा म्हणजे सी धरला, नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर भरले, मग कंट्रोल आणि के दाबून वर कॉर्डची नावं टाइप करत सुटले. एक नाव लिहायचं, स्पेसबार दाबायचा, की कर्सर पुढच्या जागी. मेस उघडायच्या आत काम खल्लास.

दुसऱ्या दिवशी काकांनी गंधार लावला, मी झोकात सी मेजर दिला आणि अख्खा हॉल हसला. पानावर ग आणि नी यांच्याखाली आडव्या रेघा होत्या. आपण जर्नलमध्ये इम्पॉर्टंट शब्दांखाली मारतो तशा कुणीतरी मारल्यात, असं मला वाटलेलं! रेघ म्हणजे कोमल स्वर. मला हवा होता सी मायनर. सॉफ्टवेअरमध्ये फरक एका अक्षराचा, कागदावर एका रेघेचा.

ही रेघ पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीतली. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. घर गवयाचं नव्हे. सतार शिकले, पण शिक्षण वकिलीचं. १८८७ मध्ये एलएल.बी. होऊन वकिली सुरूही केली. त्याच सुमारास पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचं जाणं-येणं होतं. तिथे मोठमोठ्या गवयांचं गाणं ऐकायला मिळे. एकच राग दोघे दोन तऱ्हांनी गात आणि नियम विचारला तर धड उत्तर मिळत नसे. वकिलाला हे कसं पटणार?

पुढे पत्नी गेली, एकुलती मुलगीही गेली. नंतर त्यांनी वकिली सोडली आणि १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला. मग नागपूर, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस... ग्रंथालयं धुंडाळायची, जुनी हस्तलिखितं उतरवून घ्यायची, गवयांना प्रश्न विचारायचे. बंदिश तेव्हा घराण्याची मिळकत, बाहेरच्याला कोण देणार? भातखंडे चाळिशी उलटल्यावर रामपूरच्या वझीर खाँसाहेबांसारख्यांचे शागीर्द झाले. (आम्हाला इथे ज्युनिअरकडून नोट्स मागायची लाज वाटते.)

जमवलेलं सगळं त्यांनी छापून टाकलं. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग आणि त्यांत शेकड्यांनी बंदिशी. लिपी इतकी साधी की कुठल्याही छापखान्यात जुळवता यावी : कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य. दक्षिणेतल्या ७२ मेळांचा अभ्यास करून त्यांनी उत्तरेकडचे राग दहा थाटांत बसवले. मला सगळ्यात आवडली ती लक्षणगीतं. रागाचे नियम त्याच रागात गाऊन पाठ करायचे. व्हायवासाठी असं काही असतं तर! १९१६ मध्ये बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९२६ मध्ये लखनौला मॉरिस कॉलेज सुरू झालं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

सगळेच त्यांच्यावर खूश होते असं नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी वेगळी होती. शिवाय अनेक रागांना दहा थाट अपुरे पडतात, ही तक्रार आजही होते. मला खटकलं ते वेगळंच. ज्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी घेतल्या, त्यांच्यातल्या पुष्कळांना ते अडाणी समजत. हे बरोबर नव्हतं. पण त्यांनी लिहून ठेवलं नसतं, तर वसतिगृहात राहणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती ते पान आलंच नसतं.

शेवटची सुमारे तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी ते गेले.

मी सी मायनर टाइप करून पुन्हा काकांकडे गेले. तरी काही जमेना. काकांनी तोच गंधार पाच-सहा वेळा गाऊन दाखवला. दर वेळी मध्यमाला हलकेच शिवून खाली यायचा आणि माझी कॉर्ड तिथे दगडासारखी उभी. शेवटी तेवढ्या जागी मी सी फाइव्ह टाइप केलं, म्हणजे नुसते सा आणि प. गंधार काकांसाठी मोकळा सोडला. गॅदरिंगला तसंच वाजवलं.