एका आण्याचा घास : सर पिट्टी त्यागराय चेट्टी

टी. नगरला खरेदीला गेला नाही असा चेन्नईतला मराठी माणूस शोधूनही सापडणार नाही. माम्बलम स्टेशनला उतरायचे, रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीतून वाट काढायची, पनगल पार्कला वळसा घालायचा आणि पाँडी बाजारात पिशव्या भरायच्या. गौरी-गणपतीची निम्मी खरेदी तिथेच होते. पण या 'टी'चा अर्थ विचारला तर आपल्यातले बरेच जण 'संत त्यागराज' असे उत्तर देतात. संत त्यागराज तंजावरच्या आपल्या मराठी राजांच्या काळात तिरुवैयारूला होऊन गेले, त्यामुळे हे उत्तर आपल्याला गोडही वाटते. पण ते बरोबर नाही. टी. नगर म्हणजे त्यागरायनगर, आणि ते त्यागराय म्हणजे सर पिट्टी त्यागराय चेट्टी. पाँडी बाजारचा रस्ताही त्यांच्याच नावाचा आहे.

आपण ज्या शहरात भाकरी मिळवतो त्या शहराच्या माणसांची ओळख असावी, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला. दुसरेही एक कारण आहे. नगरपालिकेत निवडून जाऊन आपल्या भागातल्या शाळांसाठी काय करता येते, याचा या माणसाने घालून दिलेला धडा आजही जुना झालेला नाही.

त्यागराय यांचा जन्म २७ एप्रिल १८५२ चा. घराणे तेलुगू भाषिक, देवांग म्हणजे विणकर समाजाचे. आम्हा रेल्वेवाल्यांच्या हिशेबाने सांगायचे तर ते चार वर्षांचे असताना, १ जुलै १८५६ रोजी, दक्षिण भारतातली पहिली प्रवासी गाडी रॉयपुरमहून सुटली. रॉयपुरम, वॉशरमनपेट, तोंडियारपेट हा उत्तर मद्रासचा पट्टा म्हणजे कामकरी लोकांची वस्ती. हातमागवाले, धोबी, गोदीतले हमाल, पुढे गिरण्यांतले आणि रेल्वेतले कामगार इथे राहत. त्यागराय यांचे आयुष्य याच वस्तीत गेले. घरी पैशाला तोटा नव्हता, पण खिडकीतून दिसणारे जग हे होते.

१८७६ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवीधर झाले. त्या काळचा पदवीधर सरकारी नोकरी किंवा वकिली धरायचा. त्यागराय घरच्या धंद्यात उतरले. मद्रासचे चौकड्यांचे रुमाल तेव्हा परदेशी जात. त्यांनी स्वतःचा विणकाम कारखाना काढला आणि त्यात धावत्या धोट्याचे माग बसवले. या मागात धोटा हाताने इकडून तिकडे फेकावा लागत नाही, दोरीला हिसका दिला की तो आपोआप धावतो, त्यामुळे एकट्या विणकराचे दिवसाचे काम बरेच वाढते. इचलकरंजी किंवा सोलापूरकडच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पुढे दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांचे चेंबर उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते होते आणि बरीच वर्षे त्याचे अध्यक्षही होते.

वेश मात्र शेवटपर्यंत एकच राहिला : पांढरे धोतर, पांढरा कोट आणि पांढरी पगडी. पाहुणा गव्हर्नर असो की राजपुत्र, त्यात बदल नसे. तमिळ लोक आजही त्यांना शुभ्रवस्त्रांचा राजा अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

१८८२ साली ते मद्रास नगरपालिकेचे सभासद झाले. १६८८ साली स्थापन झालेली ही देशातली सर्वांत जुनी नगरपालिका. तिथे त्यांनी थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ चाळीस वर्षे काढली. आपल्याकडे पुण्यात महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसे उधळण्याऐवजी ते गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत, असे मत त्यांनी एकट्याने दिले होते. ती गोष्ट आपल्याला माहीत असते. त्याच जातीचे काम इकडे मद्रासमध्ये त्यागराय करत होते. नळ, गटारे, रस्ते, दिवे आणि शाळा, अशा ज्या विषयांवर भाषणे गाजत नाहीत त्या विषयांवर ते वर्षानुवर्षे बैठकांना हजर राहिले.

त्यांचे राजकारण बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुरुवातीला ते काँग्रेसमध्ये होते. १९१६ च्या निवडणुकांत त्यांना आणि डॉ. टी. एम. नायर यांना हार पत्करावी लागली. या दोघांचे नगरपालिकेत कधी पटले नव्हते, सभागृहात खटके उडत. डॉ. सी. नटेश मुदलियार यांनी दोघांना एकत्र आणले. हे नटेश मुदलियार स्वतः ट्रिप्लिकेनला ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवत. नोव्हेंबर १९१६ मध्ये या मंडळींनी ब्राह्मणेतरांची संघटना उभी केली. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'जस्टिस' हे इंग्रजी दैनिक निघाले आणि त्यावरून पक्षाला जस्टिस पार्टी हे नाव पडले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ सालीच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे इथे आठवावे. दोन्हीकडे वारे एकाच दिशेने वाहत होते.

१९२० च्या निवडणुकीत जस्टिस पार्टीला मद्रास कायदेमंडळात बहुमत मिळाले. गव्हर्नरांनी मंत्रिमंडळ बनवण्यासाठी त्यागराय यांना बोलावले. त्यांनी नकार दिला आणि सुब्बरायलु रेड्डियार यांचे नाव पुढे केले. इलाख्याचे मुख्यमंत्रिपद दारात चालून आले असताना ते परत पाठवणारा हा माणूस नगरपालिकेच्या अध्यक्षपदावर मात्र बसला. नव्या कायद्याने १९२० साली ते मद्रास नगरपालिकेचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले होते. सेंट्रल स्टेशनशेजारची पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग आपण रोज पाहतो. त्यांचे कचेरीचे ठिकाण ते.

आता मुख्य गोष्ट. १९२० सालीच मद्रास इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण मंडळे, त्यांत काही निवडून आलेले सभासद, शिक्षणासाठी वेगळा कर आणि वेगळा निधी, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्डे आली, तसाच हा प्रकार. मद्रास शहरात शाळांचा कारभार नगरपालिकाच पाही. तेव्हा सगळीकडे वाद एकच चालू होता, तो म्हणजे सक्ती करायची की नाही. पुण्यात त्याच साली मुलींच्या सक्तीच्या शिक्षणावरून रमाबाई रानडे यांच्यासारख्यांना रस्त्यावर उतरावे लागले होते.

त्यागराय यांचे लक्ष वेगळ्या ठिकाणी गेले. माउंट रोडजवळ थाउजंड लाइट्स भागात नगरपालिकेची एक शाळा होती. तिथली मुले अगदी गरीब घरची, आणि म्हणूनच पटसंख्या टिकत नव्हती. शाळा बांधली, मास्तर नेमले, पाट्या दिल्या, तरी मूल येत नाही. याचे कारण साधे होते. सकाळी उपाशी निघालेले मूल दुपारपर्यंत बाकावर बसू शकत नाही, आणि घरच्यांनाही त्याने चार पैसे मिळवून आणावेत असे वाटते. सक्तीचा कायदा करून मूल शाळेच्या दारापर्यंत आणता येईल, पण रिकाम्या पोटी ते आत किती वेळ बसणार?

१७ सप्टेंबर १९२० रोजी नगरपालिकेने ठराव केला. थाउजंड लाइट्सच्या शाळेतील मुलांना टिफिन द्यावा, खर्च दर मुलामागे दिवसाला एका आण्याच्या वर जाऊ नये. देशातल्या शालेय भोजनाचा प्रारंभ म्हणून आज याच ठरावाकडे बोट दाखवले जाते.

इंजिनिअरला इस्टिमेट केल्याशिवाय चैन पडत नाही. रुपयाचे आणे सोळा. शंभर मुलांचे शंभर आणे म्हणजे सहा रुपये चार आणे रोज. शाळेचे दिवस वर्षाला दोनशे धरले तर साडेबाराशे रुपये. सात वर्षे आधी, १९१३ मध्ये, उभी राहिलेली रिपन बिल्डिंग साडेसात लाखांची. म्हणजे त्या एका इमारतीच्या पैशात शंभर मुले सहाशे वर्षे जेवली असती! इमारत नको होती असे माझे म्हणणे नाही, ती शहराची शान आहे. पण केवढ्या लहान रकमेत केवढे मोठे काम होऊ शकते, ते या हिशेबात दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. त्या काळी मत कर भरणाऱ्यालाच होते. ज्यांच्या मुलांच्या तोंडी हा घास पडणार होता, त्या आईबापांपैकी बहुतेकांना मतच नव्हते. म्हणजे या ठरावाने त्यागराय यांना पुढच्या निवडणुकीत फारसे काही मिळणार नव्हते. उलट करदात्यांच्या पैशातून लोकांची मुले का जेवू घालता, हा प्रश्नच वाट्याला येण्याचा संभव.

योजना चालली. आणखी चार शाळांत ती नेली आणि पटावरची संख्या वाढली. पण १९२५ च्या एप्रिलपासून ती बंद पडली. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणावर खर्च करायला सरकारने मान्यता दिली नाही. निधी शिक्षणाचा, आणि जेवण हे काही शिक्षण नव्हे! आमच्यासारख्या सरकारी नोकरांना हे ऐकून हसावे की रडावे कळत नाही. ज्याने कधी ऑडिटचे ऑब्जेक्शन निस्तरले आहे त्याला हा युक्तिवाद तोंडपाठ असतो. ज्या निधीचा हेतू मूल शिकावे हा, त्यातून मूल शाळेत टिकवणारी एकमेव गोष्ट नियमात बसली नाही. शिक्षण खाते त्या वेळी त्यागराय यांच्याच पक्षाच्या मंत्र्याकडे होते, तरीही हे घडले. त्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्यागराय वारले. माम्बलमच्या तळ्याच्या जागी नवी वसाहत तेव्हा आकार घेत होती. तिला त्यांचे नाव मिळाले.

चरित्र म्हटले की नुसत्या आरत्या होऊ नयेत. त्यांच्या पक्षाने सामाजिक न्यायाची भाषा केली, पण त्यात दलितांना पुरेसा वाटा मिळाला नाही. गिरणीसंपाच्या काळात कटुता वाढली आणि १९२३ साली एम. सी. राजा यांच्यासारखा नेता पक्ष सोडून गेला. त्यागराय हे पक्षाचे प्रमुख होते, तेव्हा याची जबाबदारी त्यांच्याकडेही जाते. मोठ्या माणसाचे मोठेपण मान्य करताना ही बाजू झाकू नये.

पण तो एका आण्याचा घास मेला नाही. १९२७ मध्ये नगरपालिकेने पुन्हा परवानगी मिळवली आणि पंचवीस शाळांतील हजारभर गरीब मुलांना जेवण सुरू केले. १९५६ पासून कामराज यांनी ही कल्पना राज्यभर नेली. १९८२ मध्ये एम.जी.आर. यांनी तिला सत्त्वयुक्त आहाराचे रूप दिले. १९९५ मध्ये केंद्र सरकारची योजना आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला, आणि आपल्या गावाकडच्या झेडपीच्या शाळांत खिचडी शिजू लागली. २०२२ पासून तमिळनाडूत सकाळची न्याहारीही सुरू झाली. म्हणजे सातारा-सांगलीच्या शाळेतल्या खिचडीच्या पातेल्याचे मूळ थाउजंड लाइट्सच्या एका शाळेपर्यंत पोचते. आपण परमुलखात आलो म्हणतो, पण परमुलूख आधीच आपल्या गावात जाऊन पोचला होता!

वाचकहो, यातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी अनेकांची दहा-वीस वर्षे या शहरात गेली, कित्येकांच्या तीन पिढ्या इथेच वाढल्या. तरीही नगरपालिकेची निवडणूक आली की ती 'त्यांची' असते. २०२२ च्या फेब्रुवारीत चेन्नई महानगरपालिकेच्या दोनशे वॉर्डांची निवडणूक झाली. आपल्या वॉर्डाचा क्रमांक किती जणांना सांगता येईल? बदलीची नोकरी, भाषेची अडचण, ही कारणे खोटी नाहीत. पण मुले तर इथल्याच शाळांत शिकतात, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलेही महानगरपालिकेच्या शाळेतच जातात.

निवडणूक लढवणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांत व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मत नव्हते, ते आज शाळेच्या कारभारात बसू शकतात. आपल्या ओळखीच्या एखाद्या आईला त्या बैठकीला जायला सांगावे, तिच्यासोबत अर्ज लिहायला बसावे, नळ का बंद आहे किंवा जेवण उशिरा का येते हे विचारायला बळ द्यावे, एवढे तरी आपल्याला जमेल. वर्गणी, हिशेब, मंडप, आरती हे सगळे वर्षानुवर्षे वेळेवर पार पाडणाऱ्या आपल्या मंडळाच्या माणसांना बैठकीची सवय नाही, असे कोण म्हणेल?

लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणपती घरातून चौकात आणला तो लोकांनी एकत्र बसून चार सार्वजनिक कामे करावीत म्हणूनच. तो बुद्धीचा देव आहे आणि मोदकप्रियही आहे. पोट आणि पाटी यांचे नाते त्याला कुणी समजावून सांगायला नको. यंदा प्रसाद वाटताना थाउजंड लाइट्सच्या त्या मुलांची आठवण ठेवू या, आणि पुढच्या खेपेला टी. नगरला गेलो की सोबतच्या मुलांना त्या 'टी'चा अर्थ सांगू या.

गणपती बाप्पा मोरया!