हॉर्निमन आणि वृत्तपत्रकारांची संघटना

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव मुंबईच्या कोटविभागातील एका वर्तुळाकार उद्यानाशी कायमचे जोडले गेले आहे. एकेकाळी हे स्थळ एल्फिन्स्टन सर्कल म्हणून ओळखले जाई. मुंबई इलाख्याच्या एका गव्हर्नराचे नाव जाऊन त्या जागी इलाख्यातून हद्दपार झालेल्या संपादकाचे नाव यावे, यात हॉर्निमन यांच्या जीवितकार्याचा आशय सामावला आहे. मात्र त्यांनी पत्रकारांना एकत्र आणण्यासाठी जे केले, त्याची आठवण त्यामानाने क्षीण झाली आहे.

हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. तेथील वृत्तपत्रांत सुमारे बारा वर्षे उमेदवारी केल्यानंतर १९०६ मध्ये ते कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये दाखल झाले. वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ होता. राज्यकर्त्यांच्या जातीचा हा तरुण पत्रकार तेथेच शासितांच्या बाजूला झुकला. १९१३ मध्ये सर फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक सुरू केले आणि त्याचे संपादकपद हॉर्निमन यांच्याकडे सोपविले.

त्या वेळी हिंदी वृत्तपत्रसृष्टीवर १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याची छाया पसरली होती. या कायद्याचा रोख लेखकापेक्षा छापखान्यावर अधिक होता. नव्या छापखान्याच्या चालकाकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागता येई. आक्षेपार्ह मजकूर छापल्याचे सरकारला वाटले की ती रक्कम जप्त होई. पुन्हा काम सुरू करावयाचे तर एक हजारापासून दहा हजारांपर्यंत नवा जामीन भरावा लागे. आणि दुसऱ्या अपराधाला छापखानाच सरकारजमा होई. उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय होती. परंतु १९१३ मध्ये मौलाना महंमद अली यांच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयानेच या कायद्याची शब्दरचना इतकी व्यापक असल्याचे दाखवून दिले, की न्यायाधीशांच्या हाती फारसे काही उरत नव्हते. भांडवलदारांचा आधार असलेले इंग्रजी दैनिक असा आघात कदाचित सोसू शकले असते. एखाद्या तालुक्याच्या गावी स्वतःच खिळे जुळवून साप्ताहिक काढणाऱ्या देशी भाषेतील संपादकाला मात्र पहिली मागणीच अखेरची ठरे.

या विषमतेतूनच संघटनेची गरज निर्माण झाली. १९१५ मध्ये हॉर्निमन यांच्या पुढाकाराने ‘प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया’ची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नाव अखिल भारतीय असले तरी तिचे केंद्र मुंबईत होते. मनमानी कायदे आणि अधिकाऱ्यांचा हस्तक्षेप यांपासून वृत्तपत्रांचे रक्षण करणे, हे तिचे उद्दिष्ट होते. शस्त्रे साधी होती : ठराव, निषेधपत्रे, निवेदने. मुद्रणविषयक कायदा आणि युद्धकाळातील भारतसंरक्षण कायदा यांच्या वापराविरुद्ध व्हाइसरॉयपासून गव्हर्नरापर्यंत तक्रारी धाडण्यात आल्या. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’चा जामीन जप्त झाला, तेव्हा हा प्रश्न केवळ लहान पत्रांचा नाही, हे सर्वांच्या ध्यानी आले.

संघटनेचे सर्वांत मोलाचे कार्य म्हणजे तिने केलेली नोंद. एकट्यादुकट्या संपादकाचे नुकसान ही स्थानिक वार्ता असते. तशा शेकडो वार्ता एकत्र मांडल्या की त्यांतून राज्यपद्धतीवरील आरोपपत्र तयार होते. संघटनेच्या निवेदनानुसार या कायद्याखाली सुमारे साडेतीनशे छापखाने व तीनशे वृत्तपत्रे यांच्यावर कारवाई झाली होती आणि पाचशेंहून अधिक प्रकाशने निषिद्ध ठरली होती. जामिनाच्या भीतीने जन्मालाच न आलेल्या पत्रांचीही गणना तिने केली, हे विशेष.

एप्रिल १९१९ मध्ये खुद्द अध्यक्षावरच प्रहार झाला. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हॉर्निमन अग्रभागी होते आणि पंजाबातील दडपशाहीवर ‘क्रॉनिकल’ टीका करीत होता. २६ एप्रिल रोजी त्यांना आजारी अवस्थेतच बोटीवर चढवून इंग्लंडला रवाना करण्यात आले. पत्रही काही काळ बंद पडले. पत्राचे वार्ताहर गोवर्धनदास यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सरकारी रोष इंग्रज संपादकाला मायदेशी पाठवी आणि हिंदी वार्ताहराला तुरुंगात टाकी, हा भेद हॉर्निमन यांच्या चरित्रातही पुसला जात नाही. विलायतेत त्यांनी पंजाबातील अत्याचारांना वाचा फोडली व १९२० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

अध्यक्ष दूर होता, तरी त्याने मांडलेला प्रश्न मागे पडला नाही. १९२१ मध्ये सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि १९२२ मध्ये तो रद्द झाला. या परिवर्तनामागे असहकाराचे वादळ आणि सुधारणांनंतरचे राजकारण होते. सारे श्रेय एका संघटनेला देणे युक्त होणार नाही. तथापि गाऱ्हाण्याला पुराव्याचे बळ देण्याचे काम तिने आधीच करून ठेवले होते.

१९२६ मध्ये हॉर्निमन दक्षिण भारतामार्गे परतले. पुढे १९३३ पासून ‘बॉम्बे सेंटिनेल’ या सायंदैनिकाचे संपादन त्यांनी बारा वर्षे केले. १९४१ मध्ये ‘ब्लिट्झ’च्या उभारणीत रुसी करंजिया व दिनकर नाडकर्णी यांना त्यांची साथ होती. स्वतंत्र भारत पाहून ऑक्टोबर १९४८ मध्ये त्यांनी मुंबईतच देह ठेवला.

त्यांच्या संघटनेने सरकारपासून वृत्तपत्राचे संरक्षण मागितले. मालकापासून पत्रकाराच्या संरक्षणाचा प्रश्न पुढच्या पिढीने हाती घेतला. श्रमिक पत्रकारांचा महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि वेतन व सेवाशर्तींविषयीचा कायदा १९५५ मध्ये संमत झाला. दोन्ही लढ्यांचा पाया एकच होता. एकट्या पत्रकारावरील अन्याय हा त्याचा खाजगी दुर्विलास नव्हे, तो सर्वांचा विषय आहे, हे हॉर्निमन यांनी या देशातील आपल्या व्यवसायबंधूंना फार लवकर पटवून दिले.