माळावर वसलेलं कामगारांचं गाव

फलटणला कमिन्सचे कारखाने आल्यापासून कंपनीत नोकरीला जाणाऱ्या मुलीचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. या अमेरिकन कंपनीने १९६२ साली पुण्यात पाऊल टाकलं ते किर्लोस्करांच्या भागीदारीत. आणि किर्लोस्करांच्या कारखान्याचं गाव तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा ब्रश ठेवून त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकून घेतली. पुढे तंत्रशाळेत शिक्षक झाले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तशी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात रमले.

तिथेच कडबा कापायचं यंत्र तयार झालं, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. त्यात नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. माळ कसला, नुसता निवडुंग आणि साप! १९१० मध्ये मोजके कामगार, त्यांची बायकामुलं आणि स्वतःचा संसार घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला आले.

त्याच सुमारास, १९११ साली, अमेरिकेत टेलरचं व्यवस्थापनावरचं गाजलेलं पुस्तक निघालं. घड्याळ लावून कामगाराचं प्रत्येक काम मोजावं, हा त्याचा विचार. लक्ष्मणरावांनी असं पुस्तक लिहिलं नाही. त्यांचा विचार बघायचा तर त्यांचं गाव बघायचं. भट्टीबरोबर घरं उभी राहिली, झाडं लागली. अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही, असा नियम झाला. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं! विश्वास टाकला तर माणूस तो सांभाळतो, हे त्यांनी करून दाखवलं. नांगरही पुढे खपले. उसाचे चरक, पंप, शेंगा फोडायची यंत्रं घरोघर पोचली.

आपल्या आज्यांच्या हातात असायचं ते ‘स्त्री’ मासिकही याच वाडीचं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ते १९३० मध्ये सुरू केलं. नांगर ओतणाऱ्या गावातून बायकांच्या शिक्षणाचे, लग्नाचे, मिळकतीचे प्रश्न छापून गावोगाव जाऊ लागले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. कुंडल रोड स्टेशनाचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.

त्यांच्यानंतर यंत्रं बदलली, कामाच्या पाळ्या बदलल्या, बायकाही यंत्रावर उभ्या राहिल्या. लेकीला किंवा सुनेला नोकरी लागली की पहिला प्रश्न पगाराचा, आणि तो विचारायलाच हवा. पण तिथे प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, रात्री घरी पोचवायची सोय आहे ना, तिच्या शब्दाला किंमत आहे ना, हेही विचारा. शंभर वर्षांपूर्वी एका ओसाड माळावर माणसाचा एवढा विचार झाला होता. आज तो मागायला संकोच कशाला?