न विखुरणारी काच

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काचेचा कारखाना निघाला. पुढे तेथील प्रभाकर कंदील सातारा-सांगलीकडील खेड्यापाड्यांतून घरोघर तेवू लागला. कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून जपत असे, पण तिचा उजेड मात्र अडवीत नसे. ते ज्योतीचे पारदर्शक कवचच होते. परंतु काजळी पुसताना हात जरासा निसटला, की त्या कवचाच्या ठिकऱ्या उडत. फुटून विखुरणे हा काचेचा स्वभावच आहे, असे बहुतेक लोक मानीत. तो स्वभाव पालटण्याची वाट पॅरिसमधील एका कलावंताला सापडली. त्यांचे नाव एदुआर बेनेदिक्तुस.

बेनेदिक्तुस यांचा जन्म १८७८ साली झाला. ते चित्रकार होते. कातड्यावरील नक्षीकाम आणि पुस्तकांची कलात्मक बांधणी यांत त्यांचा हात सुरेख चाले. गालिचे व कापड यांसाठी त्यांनी मनोहर आकृत्या रेखाटल्या. संगीताचीही त्यांना गोडी होती. एवढ्यावर त्यांची जिज्ञासा भागत नसे. रसायनशास्त्राचे प्रयोग करण्यातही ते तासन् तास रमत.

१९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत एक लहानसा अपघात घडला. उंच फळीवरचा काचेचा चंबू खाली पडला. जमिनीवर काचांचा सडा पडला असेल, असे कोणालाही वाटले असते. पण चंबूला सर्वत्र तडे गेले असूनही त्याचा आकार कायम होता आणि एकही तुकडा सुटा झाला नव्हता! दुसरा कोणी असता तर त्याने तो चंबू केरात टाकून दिला असता. बेनेदिक्तुस यांनी तो हाती घेऊन निरखला. त्यात पूर्वी सेल्युलोज नायट्रेट या पदार्थाचे द्रावण ठेवलेले होते. द्रावण आटून गेले होते. मात्र काचेच्या आतल्या अंगाला त्याचा पातळ, चिवट पापुद्रा राहिला होता. त्या पापुद्र्यानेच सारे तुकडे धरून ठेवले होते.

त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर मोटारी नव्यानेच धावू लागल्या होत्या. मोटारी आदळत, समोरच्या काचा फुटत आणि त्यांचे धारदार तुकडे प्रवाशांच्या तोंडात, डोळ्यांत व गळ्यात शिरत. कित्येकांना धक्क्यापेक्षा काचेनेच अधिक इजा होई. अशा अपघाताची वार्ता वाचताना बेनेदिक्तुस यांना तो चंबू आठवला, असे सांगतात. चंबूत जे नकळत घडले, ते मुद्दाम घडवून आणता येणार नाही काय? ते प्रयोगाला लागले. दोन काचांच्या मध्ये सेल्युलॉइडचा पातळ पत्रा घालून त्यांनी ते तिन्ही थर एकजीव केले. ही काच फुटे, पण विखुरत नसे. १९०९ साली त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले. तीन थरांची म्हणून तिला ट्रिप्लेक्स हे नाव मिळाले.

एवढा उपयुक्त शोध लोकांनी तत्काळ उचलून धरला असेल, असे वाटते. पण तसे घडले नाही. ही काच महाग होती, म्हणून मोटारींचे कारखानदार प्रारंभी तिच्याकडे वळले नाहीत. मग १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना डोळ्यांपुढे न विखुरणारी काच हवी होती. तेथे ट्रिप्लेक्स कामास आली. त्याच महायुद्धात सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान कामी आले. रणांगणावर सैनिकाचा जीव व दृष्टी राखणाऱ्या साधनाचे मोल अशा गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

युद्धानंतर मोटारींतही ही काच हळूहळू रूढ झाली. तिच्यात एक उणीव होती. उन्हाने आतील सेल्युलॉइड पिवळे पडे. १९३० साली बेनेदिक्तुस निवर्तले. त्यानंतर काही वर्षांनी सेल्युलॉइडऐवजी अधिक चिवट व निर्मळ प्लास्टिक वापरात आले आणि ती उणीव दूर झाली.

त्यांच्या कल्पनेचा विस्तार आजही चालू आहे. काच आणि प्लास्टिक यांचे अनेक थर जोडले, की गोळीला दाद न देणारी जाड काच तयार होते. बाहेरचे कठीण थर फुटताना गोळीला बोथट करतात, तिचा वेग खातात. आतील चिवट थर उरलेला आघात सोसून तुकड्यांना अडवतो. सैन्याच्या वाहनांना अशा काचा असतात. मात्र त्या फार जड असतात. म्हणून शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियम, ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या संयुगापासून काचेहून कितीतरी कठीण असे पारदर्शक पदार्थ घडविले आहेत. त्यांचे कवच तेवढेच संरक्षण कमी जाडीत व कमी वजनात देते. पण ते अद्याप फार महाग पडते.

ही कवचे केवळ युद्धासाठी नाहीत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मोनालिसाचे चित्र गोळीरोधक काचेआड सुरक्षित आहे. विमानचालकासमोरची अनेक थरांची काच पक्ष्याची धडक सोसते. भारतात मोटारीची समोरची काच थरांची असावी, असा नियमच आहे. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड काचेवर आदळतो, तेव्हा तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. पण चालकाचे डोळे शाबूत राहतात आणि गाडीतील माणसे सुखरूप घरी पोहोचतात.

फुटलेली भांडी सर्वांनीच पाहिली होती. न विखुरलेल्या एका चंबूपाशी बेनेदिक्तुस क्षणभर थांबले आणि असे का झाले, हे त्यांनी शोधून काढले. त्या चौकसपणाचे ऋण आज असंख्य माणसांच्या डोळ्यांवर आहे.