फादर थॉमस स्टीफन्स : नाताळचा आनंद ओवीत गाणारे धर्मगुरू

नाताळची सुवार्ता प्रथम बेथलेहेमच्या मेंढपाळांना मिळाली. साध्या माणसांना समजेल अशा रीतीने ती पोहोचली, म्हणूनच ते त्वरेने गव्हाणीकडे निघाले. हेच मर्म ओळखून मराठी माणसाला प्रभुजन्माचा आनंद त्याच्याच भाषेत देणारे धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धेवर कठोर निर्बंध होते. मायदेश सोडून ते रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबर महिन्यात गोव्याला लागले. पुढील सुमारे चाळीस वर्षे, १६१९ साली देवाघरी जाईपर्यंत, गोवा हीच त्यांची कर्मभूमी ठरली. त्यांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात सेवा केली.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात संताप धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांच्या सहकाऱ्यांची हत्या झाली. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याचे कठीण कर्तव्य फादर स्टीफन्स यांनी पार पाडले. ज्या भूमीत आपल्या बांधवांचे रक्त सांडले, त्याच भूमीची भाषा त्यांनी जिवाभावाने आत्मसात केली.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढे एक मोठी पोकळी होती. पूर्वीची पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी गाण्यासारखे, ऐकण्यासारखे काही हाती नव्हते. लोकांनीच तशा ग्रंथाची मागणी केल्याचा प्रसंग ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी येतो. फादरांनी ती भूक ओळखली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने त्यासाठी रोमन लिपी वापरावी लागली. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे जन्म, जीवन, मरण व पुनरुत्थान. पवित्र मरियेला मिळालेला देवदूताचा संदेश, गव्हाणीतील बाळ, मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक हे सारे मराठी ओवीच्या लयीत अवतरले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द त्यांनी निःसंकोच स्वीकारला.

१६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही श्रद्धावंतांनी हा ग्रंथ हाताने उतरवून, गाऊन जिवंत ठेवला. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. परंतु जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला. सत्तेचा हुकूम जिथे पोहोचला, तिथेही लोकांच्या कंठातील ओवी विझली नाही.

नाताळात आपण गोठे सजवतो, करंज्यांची ताटे शेजारी पाठवतो. ते अवश्य करावे. परंतु त्या ताटासोबत गव्हाणीतील बाळाची कथाही शेजाऱ्याच्या मनाला भिडेल अशा शब्दांत सांगता आली पाहिजे. त्यासाठी आधी त्याची भाषा, त्याची गाणी आणि त्याचे दुःख प्रेमाने ऐकावे लागते. फादर स्टीफन्स यांनी आयुष्यभर हेच केले. त्यांच्या या सेवावृत्तीचा थोडा अंश प्रभू आपणा सर्वांस देवो!