पोटाला पडलेलं भोक बुजलंच नाही, आणि एका लष्करी डॉक्टरने त्यातून पचन बघितलं

१ ऑगस्ट १८२५. दुपारचे बारा वाजले होते. अमेरिकेतल्या फोर्ट नायगारा या लष्करी ठाण्यात एक डॉक्टर रेशमाच्या दोऱ्यात खाण्याचे तुकडे ओवत बसला होता. मसाला लावून शिजवलेलं गोमांस, खारवलेल्या डुकराच्या मांसाची चरबी, कच्चं खारवलेलं गोमांस, उकडलेलं गोमांस, शिळा पाव आणि कच्च्या कोबीची फोड. ही अशी माळ तयार झाल्यावर त्याने ती समोरच्या तरुणाच्या डाव्या छातीखाली असलेल्या भोकातून थेट त्याच्या जठरात सोडली. दोऱ्याचं टोक बाहेर ठेवलं. तरुण उठला आणि घरातल्या कामाला लागला.

एक वाजता दोरा ओढून बघितला. कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस होतं तसंच. परत आत. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं गोमांस दोऱ्यावरून गायब. तिसऱ्या तासाला मात्र तरुणाच्या पोटात कसंतरी व्हायला लागलं, डोकं दुखायला लागलं, म्हणून दोरा काढून घ्यावा लागला. पुढचे दोन दिवस तो आजारीच होता. डॉक्टरने औषधाच्या गोळ्यासुद्धा त्याच भोकातून आत टाकल्या.

डॉक्टरचं नाव विल्यम ब्यूमाँट. तरुणाचं नाव अलेक्सिस सेंट मार्टिन. पोटात अन्नाचं नेमकं काय होतं, हे आज शाळेच्या पुस्तकात चार ओळींत येतं. त्यातलं बरंचसं पहिल्यांदा जिवंत माणसात बघितलं गेलं ते या दोघांमुळे. फरक एवढाच की त्यातल्या एकाला ते बघायचं होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

ब्यूमाँट म्हणजे कुणी मोठा प्राध्यापक वगैरे नव्हता. २१ नोव्हेंबर १७८५ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या लेबनन गावात, शेतकऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. एकविसाव्या वर्षी घोडा, बर्फावरची घसरगाडी, सफरचंदाच्या दारूचं एक पिंप आणि १०० डॉलर घेऊन गडी घराबाहेर पडला. न्यूयॉर्क राज्यातल्या शँप्लेन गावात शाळामास्तरकी केली, फावल्या वेळात वैद्यकाची पुस्तकं उसनी आणून वाचली, मग एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली. मेडिकल कॉलेजची पायरी तो चढलाच नाही. १८१२ मध्ये व्हरमाँटमध्ये परवाना मिळाला आणि त्याच वर्षी ब्रिटिशांशी युद्ध सुरू झालं. जखमांवर काम करायचं शिक्षण त्याला तिथे मिळालं. १८२० मध्ये लष्कराने त्याला ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर पाठवलं.

हे बेट म्हणजे चामड्याच्या, म्हणजे फरच्या व्यापाराची मोठी पेठ. उन्हाळा आला की कॅनडातून होड्या हाकत फ्रेंच भाषक कामगार तिथे जमायचे. सेंट मार्टिन त्यातलाच एक, विशीच्या आतबाहेरचा. ६ जून १८२२ ला अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. सेंट मार्टिन जेमतेम हातभर अंतरावर उभा होता.

इथे जरा शरीराची रचना समजून घेतली पाहिजे. आपण पोट म्हणून बेंबीवर हात ठेवतो, पण जठर असतं त्याच्या बरंच वर, डावीकडच्या खालच्या बरगड्यांच्या आड. त्याच्या वर श्वासपटलाचा पडदा आणि पडद्यापलीकडे फुफ्फुस. त्यामुळे त्या एका बारात बरगड्या तुटल्या, पडदा फाटला, फुफ्फुसाचा आणि जठराचा तुकडा जखमेतून बाहेर आला आणि जठराला भोक पडून सकाळची न्याहारी बाहेर वाहायला लागली. अर्ध्या तासाच्या आत ब्यूमाँट पोचला. हा माणूस ३६ तास काढणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

सेंट मार्टिन त्यानंतर ५८ वर्षं जगला.

पहिले १७ दिवस तोंडातून दिलेलं सगळं जखमेतून बाहेर यायचं. खरं पोषण शोषलं जातं ते जठरात नाही, तर त्याच्यापुढच्या सहाएक मीटर लांबीच्या लहान आतड्यात. अन्न तिथवर पोचतच नव्हतं. ब्यूमाँटने त्याला खालच्या बाजूने, बस्तीवाटे पोषण देऊन जगवलं. पुढे घट्ट पट्ट्या बांधल्यावर अन्न आत टिकायला लागलं. तरी भोक काही बुजेना. जठराची कड छातीच्या कातडीला चिकटून तशीच भरून आली. टाके घालून ते बंद करायला सेंट मार्टिन तयार नव्हता, असं ब्यूमाँटच्या नोंदीत आहे. सेंट मार्टिनची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही. त्याला लिहिता येत नव्हतं.

दहा महिन्यांनी तिथल्या प्रशासनाने हात वर केले. परक्या कामगाराला पोसायला पैसे नाहीत, त्याला होडीत घालून शेकडो मैल लांबच्या त्याच्या गावी धाडून द्या, असं ठरलं. त्या प्रवासात तो मेलाच असता. ब्यूमाँटने एप्रिल १८२३ मध्ये त्याला आपल्या घरी आणलं, खायला घातलं, रोज मलमपट्टी केली. स्वतःचा पगार तुटपुंजा असताना केलं. हे उपकार खरेच होते, आणि पुढचा सगळा गुंता या उपकारांवरच उभा राहिला.

काही महिन्यांत जठराच्या आतल्या आवरणाची एक घडी भोकावर पडद्यासारखी आली. आतलं अन्न बाहेर पडेना, पण बोटाने दाबलं की पडदा बाजूला व्हायचा आणि जठर आतून दिसायचं. तोवर सेंट मार्टिन घरात लाकडं फोडण्यापर्यंत ठणठणीत झाला होता. ब्यूमाँटच्या लक्षात आलं, की जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे नाही असं काहीतरी आपल्या घरात वावरतंय.

कारण पचन म्हणजे काय, यावर तेव्हा नुसता वाद होता. कुणी म्हणायचं जठर जात्यासारखं अन्न दळतं, कुणी म्हणायचं आतल्या उष्णतेने ते शिजतं (आपल्याकडच्या जठराग्नीच्या कल्पनेशी हे जुळणारं), कुणाच्या मते ते आत कुजतं किंवा आंबतं. इटलीच्या स्पालान्झानीने प्राण्यांवर आणि स्वतःवर प्रयोग करून रसायनाच्या बाजूने पुरावे दिले होते, १८२४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल शोधलं होतं. पण जिवंत माणसाच्या जठरात अन्न विरघळताना तासातासाला कुणी बघितलं नव्हतं.

ब्यूमाँटने रिकाम्या जठरात जीभ लावून बघितली. होय, जीभ. आंबट चव अजिबात लागली नाही. म्हणजे जठरात रस कायम साठलेला नसतो, तर अन्न आलं की आतल्या आवरणातून पाझरतो. तापमापक आत घातला तर पारा १०० फॅरनहाइटच्या आसपास थांबला. एवढ्यात काही शिजत नाही. त्या तापमापकाची कांडी आत हलायची, फिरायची, त्यावरून जठराचे स्नायू अन्न घुसळतात हे दिसलं. नळीने रस काढून त्याने बाटलीत मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली तेवढ्याच गरम पाण्यात ठेवली. जठरात दोन तासांत विरघळणारं मांस बाटलीत दहाएक तासांत विरघळलं. शरीराबाहेर! दळण नाही, कुजणं नाही, रसाचंच काम. काही वेळा अशा बाटल्या सेंट मार्टिनला तासन् तास काखेत धरून बसावं लागायचं.

तो चिडला की काय होतं, हेही टिपलं गेलं. एरवी न दिसणारं पिवळसर पित्त रागाच्या वेळी जठरात दिसायचं आणि पचन लांबायचं. (आपण पित्त झालं म्हणतो तेव्हा घशाशी येतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. पित्त यकृतात तयार होतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतं.) आता तो चिडायचा कशाने, हा प्रश्न ब्यूमाँटच्या प्रयोगांत नव्हता.

पण सेंट मार्टिनने त्याचं उत्तर पायांनी दिलं. १८२५ मध्येच तो न सांगता कॅनडात निघून गेला, लग्न केलं, मुलं झाली. ब्यूमाँटने त्याला शोधून काढलं आणि १८२९ मध्ये फर कंपनीच्या माणसांकरवी त्याला कुटुंबासकट मिसिसिपी नदीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डला आणवलं. १८३१ च्या वसंतात ते कुटुंब होडीने परत गेलं. ऑक्टोबर १८३२ मध्ये मग कायदेशीर करार झाला. एक वर्ष हवे ते प्रयोग करू द्यायचे, सांगेल तिथे यायचं. बदल्यात जेवणखाण, राहणं आणि १५० डॉलर. सेंट मार्टिनने सहीच्या जागी फुली मारली. खर्च भागावा म्हणून ब्यूमाँटने त्याला सैन्यात सार्जंट म्हणूनही भरती करवलं, महिना १२ डॉलरवर. पोटाला भोक असलेला सार्जंट!

१८३३ मध्ये प्लॅट्सबर्ग गावी ब्यूमाँटचं पुस्तक छापून झालं. २३८ प्रयोग, ५१ निष्कर्ष. कुठला पदार्थ जठरातून किती वेळात जातो याचा तक्ताही त्यात होता. उकडलेला भात एक तास, साबुदाण्याचा जातभाई सेगो पावणेदोन तास, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. (दाण्याचं कूट आणि तूप घातलेल्या खिचडीचा प्रयोग राहूनच गेला.) डनग्लिसन आणि सिलिमन या प्राध्यापकांनी रस तपासून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं सांगितलं. आम्लासोबत आणखी एक घटक काम करतो, तो पेप्सिन नावाने १८३६ मध्ये जर्मनीच्या थिओडोर श्वानने वेगळा केला. युरोपात पुस्तक गाजलं. कुत्र्याच्या जठराला मुद्दाम असं भोक पाडून अभ्यास करण्याची पद्धत १८४२-४३ मध्ये सुरू झाली. पुढे त्याच वाटेने गेलेल्या रशियाच्या पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं. घंटा आणि कुत्रा ही त्याची ओळख नंतरची, नोबेल होतं पचनावरच्या कामासाठी.

पुस्तक आलं त्याच सुमारास सेंट मार्टिन घरी गेला तो गेलाच. ब्यूमाँट सेंट लुइसला गेला, सैन्य सोडून तिथे चांगली प्रॅक्टिस जमवली, पण पुढची वीस वर्षं त्याला पत्रं पाठवत राहिला. पैसे वाढवून दिले, आपल्या मुलाला आणायला पाठवलं, त्याच्या दारूबद्दल आणि हट्टाबद्दल कुरकुर केली. सेंट मार्टिनचं म्हणणं साधं होतं, बायकामुलांना सोडून येणार नाही आणि त्या सगळ्यांचा खर्च करायला ब्यूमाँट तयार नव्हता. १८४० मध्ये सेंट लुइसच्या एका खून खटल्यात तर हे भोक ब्यूमाँटवरच उलटलं. मारहाणीत जखमी झालेल्या माणसाच्या कवटीला त्याने उपचार म्हणून छिद्र पाडलं होतं. आरोपीच्या वकिलांनी कोर्टात सुचवलं की पोटात काय आहे ते बघायला याने भोक उघडं ठेवलं, तसंच डोक्यात काय आहे ते बघायला छिद्र पाडलं. आरोप अन्यायाचा होता, पण लोकांना तो पटण्यासारखा वाटला, हेही खरं.

मार्च १८५३ मध्ये पेशंटच्या घराच्या बर्फाळ पायऱ्यांवरून ब्यूमाँट घसरून पडला आणि २५ एप्रिलला वारला. त्याचा पेशंट मात्र मजेत होता. १८५६ मध्ये तो दुसऱ्याच एका माणसाबरोबर अमेरिकेतल्या शहरांमधून डॉक्टरांना पोट दाखवत फिरला, आणि परत गावी जाऊन शेती आणि लाकूडतोड करत राहिला.

२४ जून १८८० ला क्यूबेकमधल्या सेंट थॉमस गावी सेंट मार्टिन वारला. मॉन्ट्रियलला असलेल्या विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरला शवविच्छेदन करून ते जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला द्यायचं होतं. घरच्यांनी साफ नकार दिला. भर उन्हाळ्यात त्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस घरात ठेवलं, इतके की वासामुळे ते चर्चच्या आत नेता आलं नाही. मग ते पुरलं, आणि कुणी उकरून नेऊ नये म्हणून खड्डा आठ फूट खोल खणला.